जपताना त्याचं सुख काढून घेऊ नका

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका ताईंनी विचारलं आहे: "आमचा ब्रूनो, ९ वर्षांचा लॅब्रॅडॉर. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या जबड्याखाली गाठी हाताला लागल्या. आधी गोचीडताप समजून औषधं झाली, मग गाठीत सुई टोचून तपासणी केली तर लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. केमोथेरपीचे दोन डोस झालेत, रोज स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. घरात सगळ्यांचे चेहरे पडलेत. त्याला फिरायला नेणं बंद केलंय, नातवाला जवळ जाऊ देत नाही, खाणं अगदी पथ्याचं. सून गरोदर आहे, तिची वेगळी काळजी. मेमध्ये पुण्याला पुतणीचं लग्न आहे. डॉक्टर, त्याचे उरलेले दिवस आनंदात कसे घालवायचे?"

ताई, तुम्हीच लिहिलेली यादी पुन्हा एकदा वाचा. फिरणं बंद, नातू बंद, आवडीचं खाणं बंद. यातलं काहीच लिम्फोमानं बंद केलेलं नाही. ब्रूनोचे पाय चालतात, नाक शाबूत आहे, नातू दिसला की शेपूट हलतेच आहे. मी इंदुरात कुत्र्यामांजरांची प्रॅक्टिस करतो आणि कॅन्सरचे पेशंट माझ्याकडे नेहमीच असतात. निदान झाल्यावर पहिले दोन-तीन महिने कुत्र्याच्या आयुष्यातून सुख कमी होतं ते बहुतेक वेळा घरच्यांच्या धास्तीमुळे. आजार आपला वाटा पुढे घेणारच आहे. आत्तापासून त्याच्या वतीनं आपण काही काढून घेऊ नये, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं तपशीलाचं बोलणं आहे, पण तपशील महत्त्वाचे आहेत.

आधी आकडे सांगून टाकतो. ते कुणी नीट बसून सांगत नाही आणि मग माणूस रात्री मोबाइलवर भलतंसलतं वाचत राहतो. उपचार न केलेला लिम्फोमाचा कुत्रा साधारण ४ ते ६ आठवडे काढतो. नुसत्या प्रेडनिसोलोनवर, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळीवर, १ ते २ महिने. तीन-चार औषधं आलटूनपालटून देण्याच्या केमोनं १० पैकी ८-९ कुत्र्यांच्या गाठी बसतात आणि कुत्रा पहिल्यासारखा हिंडूफिरू लागतो. बी आणि टी हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. बी पेशींचा लिम्फोमा असेल तर निम्मे कुत्रे वर्षभराच्या आसपास पोचतात, टी पेशींचा असेल तर ६ ते ९ महिने. पाचातला एखादा दोन वर्षंही ओलांडतो. कायमचा बरा होणं विरळा, तेवढं मनाशी धरून ठेवा. पण महिने हातात आहेत, आणि त्यातले पुष्कळसे चांगले असू शकतात.

केमो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घरातलं कुणीतरी माणूस येत असणार. कुत्र्यांची केमो वेगळी असते. माणसांत रोग मुळासकट काढायचा म्हणून डोस सोसवेल तितका चढा ठेवतात. कुत्र्यांत डोस मुद्दाम हलका असतो, कारण त्याला आजच्या त्रासाच्या बदल्यात पाच वर्षांनंतरचं काही द्यायचं नसतं. त्याचा आजचाच आठवडा चांगला जावा म्हणून ही औषधं आहेत. लॅब्रॅडॉरचे केस गळत नाहीत. फार तर मिशा जातील, आणि सलाइनसाठी पायावरचे केस काढले असतील ते उशिरा येतील. बहुतेक कुत्रे डोस घेऊन घरी आल्यावर संध्याकाळी जेवतात. हे चालू असताना ब्रूनोला अंथरुणाला खिळलेला रुग्ण करून ठेवलं तर केमो कशासाठी चालली आहे, हाच प्रश्न उरतो.

आता वेळापत्रक. एक कालनिर्णय स्वयंपाकघरात वेगळं लावा, फक्त ब्रूनोसाठी. डोसच्या दिवशी खूण करा. दुसऱ्या ते चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पोट बिघडू शकतं: मळमळ, एखादी उलटी, पातळ शी. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान कधीतरी पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात. तेव्हा कुत्रा वरून छान दिसतो, पण जंतुसंसर्गाला लवकर बळी पडतो. म्हणून पुढच्या डोसआधी रक्त तपासतात. डोस दर आठवड्याला असतील तर हे दिवस एकमेकांवर चढतात हे खरं, पण तीन-चार डोस झाले की तुमच्या कुत्र्याचा स्वतःचा ताल दिसू लागतो. कुणाला तिसऱ्या दिवशीच मरगळ येते, कुणाला काहीच होत नाही. रोज रात्री त्या चौकोनात एक शब्द लिहा: चांगला, बरा, वाईट. महिन्याभरात तुम्हाला आधीच सांगता येईल की येता शनिवार त्याच्या मजेचा आहे. मग नातवाचा वाढदिवस, गच्चीवरची पाण्याची मौज, मित्राच्या घरच्या कुत्र्याची भेट, सगळं त्या शनिवारी ठेवता येतं.

घरात डिजिटल थर्मामीटर ठेवाच, फक्त त्याच्यासाठी. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप बघायचा. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, त्यामुळे १०२ बघून घाबरू नका. १०३.५ च्या वर गेला आणि डोसला आठवडाभर होत आला असेल तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री डॉक्टरांना उठवायचं. लागोपाठ उलट्या, दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, लघवीत रक्त किंवा थेंब थेंब लघवीसाठी वारंवार बसणं, हिरड्या पांढुरक्या पडणं, झोपेतही श्वास जलद चालणं, या गोष्टींनाही हाच नियम. लघवीतलं रक्त मी मुद्दाम सांगतोय: सायक्लोफॉस्फामाइड या केमोतल्या औषधानं मूत्राशयाला आतून सूज येऊ शकते. तो डोस दिला की त्या दिवशी त्याला भरपूर पाणी प्यायला द्या आणि दर दोन-तीन तासांनी बाहेर काढा.

फिरायला न्यायचं का? रोज न्या. फक्त आधी गळपट्टा काढून ठेवा. लिम्फोमाच्या गाठी जबड्याखाली आणि खांद्याच्या पुढे असतात, पट्ट्याचा दाब बरोबर त्यावर येतो. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. एप्रिल-मेच्या इंदुरात सकाळी साडेसहाच्या आत निघा. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं, हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं तर त्याच्या पंजांना सोसेल. स्टिरॉइडमुळे तो आधीच जास्त धापा टाकतो, उन्हात त्याचा दम लवकर जाईल.

किती चालवायचं याचं मोजमाप किलोमीटरमध्ये करू नका. आपण फिरायला जातो पाय मोकळे करायला, कुत्रा जातो वास घ्यायला. ब्रूनो एखाद्या कडुनिंबाच्या बुंध्याशी थांबला की आपला हात आपोआप पट्टा ओढतो, "चल रे, किती वेळ!" आता ओढू नका. त्याला तिथं तीन मिनिटं लागतील, लागू देत. आधी बुंध्याचा वरचा भाग, मग मातीचा कोपरा, मग दोन पावलं मागे येऊन पुन्हा तोच बुंधा. रात्रीत तिथून कोण गेलं याचा सगळा हिशोब तो लावतो आहे. कोपऱ्यावर उजवीकडे की डावीकडे हेही त्यालाच ठरवू दे. अशी पंधरा-वीस मिनिटं झाली की तो घरी येऊन तृप्त झोपतो. ज्या दिवशी अंगात कमी बळ असेल त्या दिवशी फाटकाबाहेर जाऊन दहा मिनिटं बसलात तरी चालेल. रेसिडेन्सी भागातले जुन्या झाडांखालचे रस्ते सकाळी शांत असतात, आठवड्यातून एकदा गाडीतून तिकडे न्या, नवे वास मिळतील. पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या दिवसांत मात्र मोहल्ल्यातल्या कुत्र्यांशी गाठभेट आणि साचलेलं पाणी टाळा. लॅबला पाणी बघून राहवत नाही, हे कबूल. पण तलाव, चोरलची नदी असल्या ठिकाणी तो पाणी पितोच. त्यापेक्षा गच्चीवर मोठा टब आणि नळाचं स्वच्छ पाणी. नातवाला पाइप धरायला द्या.

नातवाला दूर का ठेवलंय? कॅन्सर कुत्र्याकडून माणसाला होत नाही. कुत्र्याकडून कुत्र्याला होणारा एक कॅन्सर मात्र आहे. मोकाट कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी जननेंद्रियावरची गाठ, ती आपल्याकडे पुष्कळ दिसते. ती माणसाला होत नाही, आणि व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा चार-सहा इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण जाते. ब्रूनोच्या औषधांतही बहुधा व्हिन्क्रिस्टीन असेल. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी कुणी विचारलं तर हे सांगा.

काळजी घ्यायची ती औषधाची. डोसनंतर साधारण तीन दिवस औषधाचा अंश लघवी, शी आणि उलटीतून बाहेर पडतो. सूनबाईंनी त्या तीन दिवसांत यातलं काहीही साफ करू नये आणि केमोच्या गोळ्यांना हात लावू नये. बाकी कुणीही करताना हातमोजे घाला, इंदुरात शी उचलायची सवय आपल्याला आहेच. लघवीसाठी एकच कोपरा ठरवा, नातू खेळतो तिथून लांब, आणि वरून दोन-तीन बादल्या पाणी ओता. अंथरूण खराब झालं तर वेगळं, दोनदा धुवा. केमोची गोळी कधी कुटायची नाही, मोडायची नाही. तेवढे तीन दिवस तोंड चाटू देऊ नका. अंगावरून हात फिरवणं, शेजारी बसणं, बॉल टाकणं सूनबाईंनाही चालतं आणि नातवालाही, नंतर हात धुतले की झालं.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी बोलत नाही. निदान झाल्यापासून तुमच्या घरात ब्रूनोच्या जबड्याखालच्या गाठी दिवसातून कितीदा चाचपल्या जातात? सकाळी तुम्ही, ऑफिसला जाताना मुलगा, संध्याकाळी आलेला पाहुणा, रात्री पुन्हा तुम्ही. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात हे चालतं. कुत्र्याच्या बाजूनं बघा. नऊ वर्षं हा हात जबड्याखाली यायचा तो खाजवायला, आणि तो मान वर करून डोळे मिटायचा. आता तोच हात येतो, बोटं रुततात, दोन्ही बाजू तोलून बघतात, आणि हाताच्या माणसाचा श्वास अडकतो. काही दिवसांनी कुत्रा हात येताना दिसला की मान वळवतो किंवा उठून दुसऱ्या खोलीत जातो. घरचे म्हणतात, "आजारानं अलिप्त झालाय." अलिप्त झालेला नसतो तो, तपासणीला कंटाळलेला असतो. म्हणून नियम करा: गाठी बघायच्या आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, एकाच माणसानं. जबड्याखाली, खांद्याच्या पुढे, मागच्या गुडघ्यांच्या मागे. हरभरा, सुपारी, लिंबू असं माप कालनिर्णयावर लिहायचं आणि विषय संपवायचा. बाकी सहा दिवस घरातला प्रत्येक हात फक्त लाडाचा.

गोळ्यांचंही तसंच. जेवणात गोळी लपवली आणि एकदा त्याच्या दाताखाली आली की तो वाटीवरच संशय घेतो, मग भूक असून जेवत नाही. गोळी जेवणापासून वेगळी ठेवा. पनीरचे तीन तुकडे घ्या. पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा त्याच्या नाकासमोर धरलेला. तिसऱ्याच्या ओढीनं तो दुसरा न चावता गिळतो. लॅबच्या बाबतीत हे सहसा फसत नाही.

खाण्याबद्दल तुम्ही फारच कडक झाला आहात. साखर आणि भात बंद केला की कॅन्सर उपाशी मरतो असं कुणीतरी सांगितलं असणार. कुत्र्यांच्या बाबतीत याला भक्कम आधार नाही, आणि कॅन्सरच्या कुत्र्याचं वजन घटणं ही खरी भीती असते. त्याला आधी मानवत होतं ते जेवण चालू ठेवा, त्यात उकडलेलं चिकन, पूर्ण शिजलेलं अंडं, पनीर, थोडा दहीभात घाला. मळमळीच्या दिवशी जेवण कोमट करून द्या, वास उठतो आणि भूक चाळवते. कच्चं मांस आणि कच्चं अंडं केमो संपेपर्यंत बंद. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट कायमचं बंद. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवल्यानं तो दोष जात नाही, म्हणून आपले रविवारचे कांदेपोहे त्याला नकोत. पोह्यांशिवाय त्याचा रविवार जात नसेल तर फोडणीच्या आधी भिजलेल्या पोह्यांतली मूठभर बाजूला काढून दह्यात कालवून द्या. शेव, जिरावन, कचोरी नको. तळलेल्या खाण्यानं स्वादुपिंडाला सूज आली तर आठवडा वाया जातो आणि केमोही पुढे ढकलावी लागते. जलेबीचा नखाएवढा तुकडा आजोबांच्या हातून महिन्यातून एखाद्या वेळी गेला तर मी भांडणार नाही.

हळद, गोमूत्र, कुणाच्या ओळखीतलं चूर्ण, प्रतिकारशक्तीची औषधं, हे सगळं तुमच्यापर्यंत येईल, आलंही असेल. आणणारे प्रेमानंच आणतात. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही द्यायचं नाही, कारण यकृताला केमो आणि चूर्ण दोन्ही पचवावं लागतं. आणि दुखतंय असं वाटलं म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक चुकूनही देऊ नका. ती कुत्र्यांना एरवीही घातक असते, प्रेडनिसोलोन चालू असताना तर पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो. कुत्र्यांसाठीची सुरक्षित वेदनाशामकं आहेत, ती डॉक्टरच ठरवतील. प्रेडनिसोलोन अचानक बंद करायचं नाही हेही लक्षात असू द्या.

स्टिरॉइडचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण इथं घरोघरी गैरसमज होतो. या गोळीनं तहान वाढते, लघवी वाढते, भूक प्रचंड वाढते आणि धापा वाढतात. रात्री दोनला तो दाराशी उभा राहील. त्याला न्या, रागावू नका, आणि लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तर मुळीच कमी करू नका. दुसरं म्हणजे, "जेवतोय ना, मग ठीक आहे" हा आपला घरगुती नियम इथं चालत नाही. लॅब्रॅडॉर, त्यात स्टिरॉइडवर. तो अंगात कणकण असतानाही वाटी चाटून पुसून ठेवेल. त्याचं खरं बरंवाईट वाटीबाहेर बघायचं. बेल वाजली की तो दारापर्यंत येतो का, की जागेवरूनच मान उचलतो? नेहमीची झोपायची जागा सोडून कोपऱ्यात, पलंगाखाली जाऊ लागला का? नातवाची व्हॅन आल्याचा आवाज त्याला अजून ओळखू येतो का? बॉल उचलून आणतो का, निदान बॉलकडे बघतो का? प्रत्येक कुत्र्याच्या अशा चार-पाच गोष्टी असतात ज्यांच्यामुळे तो तो असतो. आज घरच्या सगळ्यांनी बसून ब्रूनोच्या त्या पाच गोष्टी कागदावर लिहा. आज लिहा, कारण पुढे मन दुबळं झालं की यादी सोयीची होते.

ही यादी कशासाठी ते तुमच्या लक्षात आलं असेल. कधीतरी गाठी परत येतील. दुसरी औषधं असतात, त्यांचा उपयोगही होतो, पण प्रत्येक वेळी मिळणारा काळ आधीपेक्षा कमी असतो. "कधी थांबायचं ते कळेल, त्याच्या डोळ्यांत दिसेल" असं लोक सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. डोळ्यांत आपल्याला हवं ते दिसतं. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी मांडली, ती मी घरच्यांना देतो. सात गोष्टी: वेदना आटोक्यात आहे का, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला ० ते १० गुण. ७० पैकी ३५ च्या वर असेल तोवर त्याचं जगणं सुसह्य धरायचं. दर रविवारी घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग ताडून बघावेत. आई नेहमी जास्त देते, मुलगा कमी, किंवा उलट. त्या फरकावर बोलणं होतं, आणि ते बोलणं आधी झालेलं असलं की शेवटच्या आठवड्यात घरात भांडण होत नाही.

त्या दिवसाबद्दलही डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. ते घरी येतील का, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, नंतर दहन की दफन, कुठे. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, कुत्रा झोपतो, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून जातो आणि थोड्याच वेळात हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा खोल श्वास आल्यासारखं होतं, ती वेदना नसते. हे आधी माहीत असलेलं माणूस त्याच्या डोक्याशी बसू शकतं. नातवाला "झोपवलं" किंवा "गावाला गेला" असं सांगू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. ब्रूनो खूप आजारी आहे, औषधानं काही दिवस बरं वाटेल, पुढे तो मरेल, आणि ते तुझ्यामुळे नाही, एवढं पाच वर्षांच्या मुलाला कळतं. त्याला एक काम द्या. रोज पाण्याची वाटी भरणं त्याच्याकडे. हे सगळं एकदा बोलून झालं की बाजूला ठेवता येतं आणि उरलेल्या महिन्यांवर त्याची सावली पडत नाही.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बरेच वाचक मनातल्या मनात विचारत असतील. केमो न झेपणं यात लाजण्यासारखं काही नाही. नुसत्या प्रेडनिसोलोनवरही कुत्र्याचे दोनेक महिने आरामात जाऊ शकतात, आणि वरचं फिरण्या-खाण्याचं सगळं तिथंही लागू आहे. फक्त "आधी स्टिरॉइड देऊन बघू, मग केमो" असं करू नये, त्यानं पुढच्या केमोचा गुण कमी होतो. आणि गाठी दिसल्याबरोबर सुई टोचून तपासणी मागून घ्यावी. गोचीडतापातही गाठी सुजतात, म्हणून आपल्याकडे निदानाला उशीर होतो. दुसरं मत हवं असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५५ पासूनचं, इंदूरपासून लांब नाही.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त करा. आजारी माणसाला बघायला जावं तसे लोक येतात, त्याच्यासमोर "अरेरे, किती वाळला" म्हणतात, तुम्ही रडता, आणि तो उठून तुमच्या मांडीवर डोकं ठेवतो. आपल्यामुळे काहीतरी बिघडलंय एवढंच त्याला कळतं. येणाऱ्याला दारातच सांगा, आधी त्याच्याशी खेळा, मग आपण चहा घेताना आत बोलू. तुम्हाला रडू येईल, ते यायलाच हवं, पण ते सगळं त्याच्या पाठीवर नको.

राहिलं पुण्याचं लग्न. माझं मत विचाराल तर ब्रूनोला नेऊ नका. मे महिना, सहाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, मंगल कार्यालयातले स्पीकर, अनोळखी घर. यात त्याच्या आवडीचं काही नाही. त्याला कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्येही ठेवू नका. केमोत डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या लशी बहुधा पुढे ढकललेल्या असतात आणि तिथं दहा घरचे कुत्रे असतात. घरातलं एक माणूस मागे राहू दे, किंवा ज्याच्याशी तो वर्षानुवर्षं खेळलाय असं कुणीतरी तुमच्या घरी येऊन राहू दे. न्यावंच लागलं तर लग्नाची तारीख डॉक्टरांना आजच सांगा. बहुतेक वेळापत्रकांत चार डोसनंतर एक आठवडा सुटीचा असतो. त्या आठवड्याच्या शेवटी, रक्ताचा रिपोर्ट बघून निघता आलं तर उत्तम. गाडीनंच न्या, पहाटे लवकर निघून ऊन चढायच्या आत सेंधव्याचा घाट पार करा, एसी चालू ठेवा, दर दोन तासांनी पाणी आणि सावलीत थांबा, बंद गाडीत पाच मिनिटंही एकटं सोडू नका. रेल्वेत कुत्रा फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे घेतला तरच सोबत नेता येतो, नाहीतर सामानाच्या डब्यात जातो, आणि मेमध्ये त्या डब्यात ब्रूनोला ठेवायचं नाही. प्रेडनिसोलोन ठरल्यापेक्षा चार दिवस जास्तीचं, उलटीची गोळी, थर्मामीटर, सगळे रिपोर्ट आणि पुण्यातल्या एका पशुवैद्याचा नंबर निघण्याआधी हातात असू द्या. डोसची पुढची तारीख आणि लग्नाची तारीख मला कळवा, मी आठवडा बघून सांगतो.